वांझ शब्दाचे पुल्लिंग

पुनरुत्थानाच्या सणानंतर धर्मगुरूने घरोघरी जाऊन आशीर्वाद देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा धर्मग्रामात असताना एका घरी मी सलग सहा वर्षे असा गेलो. प्रत्येक वर्षी प्रार्थना आटोपली की घरची सून पुढे येई, डोक्यावरचा पदर सारखा करून गुडघे टेकी आणि म्हणे, "फादर, माह्यासाठी प्रार्थना करा." कशासाठी, हे विचारण्याची गरज नसे. मी तिच्या मस्तकावर हात ठेवी, शमुवेलाची माता हन्ना हिचे स्मरण करी आणि परमेश्वराकडे या भगिनीसाठी अपत्याचे दान मागे. तिचा नवरा त्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून उभा असे.

सातव्या वर्षी तिने माझ्यासमोर एक जाडजूड फाइल ठेवली. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी. यवतमाळ, अमरावती, नागपूर अशा तीन शहरांतले कागद. प्रत्येक कागदावर नाव एकच होते, तिचे. आणि बहुतेक कागदांवर निष्कर्षही एकच होता, दोष आढळला नाही. मी सहज विचारले, "आणि याची तपासणी?" नवरा काही न बोलता अंगणात निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, "बाप्या मानसात कायची खोट राह्यते, फादर?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या घराचा राग आला म्हणून नव्हे. सहा वर्षे मीही एकाच मस्तकावर हात ठेवीत आलो होतो, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

ही हकिकत त्या दोघांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळून येथे सांगत आहे. तिच्यातून जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तो वाचकांसमोर मांडणे हा या लेखाचा हेतू.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत ‘वांझ’ हा शब्द आहे. गाईला, झाडाला, जमिनीलाही आपण तो लावतो. पुरुषाला मात्र लावीत नाही. पुरुषाला म्हणायचे झाल्यास आपण ‘निपुत्रिक’ म्हणतो. ‘वांझ’ या शब्दात दोषारोप आहे, तर ‘निपुत्रिक’ या शब्दात केवळ परिस्थितीचे वर्णन आहे, किंबहुना थोडी सहानुभूतीच आहे. पुरुषाला दोष द्यायचाच झाला तर आपली जीभ एकदम ‘नपुंसक’ या शब्दावर जाते, आणि तो शब्द तर सर्वस्वी निराळ्या गोष्टीविषयी आहे. शरीरसंबंधाची असमर्थता वेगळी आणि वंध्यत्व वेगळे. ज्याचा संसार सर्व दृष्टींनी सुरळीत चालला आहे, जो धडधाकट आहे, अशा पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू नसू शकतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेने हा भेद स्पष्टपणे केला आहे. कलम १०८४ नुसार विवाहापूर्वीपासूनची कायमची शारीरिक असमर्थता विवाह रद्दबातल करते; वंध्यत्व मात्र विवाहाला आडही येत नाही आणि त्याला रद्दही करीत नाही. विवाह पूर्ण होण्यासाठी पतिपत्नी हवीत, अपत्य ही त्याची अट नव्हे, हा त्यामागचा अर्थ.

मजेची गोष्ट अशी की, पवित्र शास्त्राच्या मूळ हिब्रू भाषेत या शब्दाचे पुल्लिंग आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात देव आपल्या प्रजेला आशीर्वाद देतो, तेव्हा तुमच्यात वंध्य पुरुष नसेल आणि वंध्य स्त्रीही नसेल, अशा आशयाचे वचन येते. तेथे एकच शब्द आधी पुल्लिंगात आणि मग स्त्रीलिंगात वापरला आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकर्त्याला जे ठाऊक होते, ते आपल्या घरांना अजून मान्य करावयाचे आहे.

विज्ञानाने तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. १६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांखाली शुक्रजंतू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळविले. आपण तपासलेला नमुना वैवाहिक संबंधातूनच मिळालेला आहे, पापाचरणातून नव्हे, असे त्यांनी त्या पत्रात आवर्जून नमूद केले होते. पुढे अठराव्या शतकात इटलीतील लाझारो स्पालान्झानी यांनी वीर्य गाळून त्याचे गुणधर्म तपासले आणि एका कुत्रीमध्ये कृत्रिम रेतनाचा प्रयोग यशस्वी केला. हे स्पालान्झानी कॅथलिक धर्मगुरू होते. तेव्हा या विषयावर एका धर्मगुरूने लिहावे याचे वाचकांना फारसे आश्चर्य वाटू नये.

आज वैद्यकशास्त्र सांगते की, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते. आणि पुरुषाची पहिली तपासणी ही सर्व तपासण्यांत सोपी व कमी खर्चाची आहे. तिच्यात भूल नाही, सुई नाही, दुर्बीण नाही. तरीही आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. पत्नीच्या पोटाला छेद द्यावा लागला तरी चालेल, पण पतीने एक बाटली प्रयोगशाळेत नेऊन द्यावी हे चालत नाही. याला अज्ञान म्हणावे की अन्याय म्हणावे?

या तपासणीला पुरुष भितात, कारण तिचा अहवाल म्हणजे आपल्या पुरुषत्वाचा निकाल आहे असे त्यांना वाटते. म्हणून त्या अहवालातील आकडे काय सांगतात हे थोडे समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली या तपासणीची पहिली मार्गदर्शिका काढली. सहावी आवृत्ती २०२१ साली निघाली. तिच्यात दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, त्यांपैकी ४२ टक्के हालचाल करणारे आणि ४ टक्के सुघड आकाराचे, अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. या मर्यादा ज्या पुरुषांवरून ठरविल्या, ते सर्व वर्षाच्या आत पिता होणार असलेले पुरुष होते. त्यांची उतरंड लावून तळाचे शंभरात पाच जेथे संपतात, तेथे ही रेघ ओढली. म्हणजेच या रेघेखाली असूनही पिता झालेले पुरुष त्या उतरंडीतच होते. उलट रेघेच्या वर असूनही काहींना मूल होत नाही. आकडा संभव सांगतो. निवाडा देत नाही. आणि निरोगी पुरुषाच्याही शंभर शुक्रजंतूंपैकी बहुसंख्य वेडेवाकडेच असतात, ही गोष्ट तर पुरुषी अहंकाराने एकांतात चिंतन करावे अशी आहे.

शिवाय हा आकडा स्थिर नसतो. एक शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने अहवाल खराब येऊ शकतो, म्हणूनच एका तपासणीवर थांबू नये. वृषणाजवळच्या शिरा फुगणे, ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात, हे कारण अनेकदा शस्त्रक्रियेने दूर होते. वाहिनी अडली असेल तर तीही कधी कधी मोकळी करता येते. आपल्या विदर्भातील घरोघरचा खर्रा, विडी आणि दारू यांचा परिणाम वाईटच होतो. शरीर पिळदार दिसावे म्हणून काही तरुण व्यायामशाळेत पुरुषी हार्मोनची इंजेक्शने घेतात. त्यांनी तर शुक्रजंतूंची निर्मितीच बंद पडू शकते. पुरुषत्व दाखविण्याच्या नादात पितृत्व गमावण्याचा हा प्रकार आहे.

आपल्या कापसाच्या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न विचारायला हवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. प्राण घेणारे विष आपल्याला दिसले. पण जे विष प्राण घेत नाही, त्याचे काय? त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९७७ साली, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डीबीसीपी नावाचे कृमिनाशक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले की, आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेले नाही. त्यांनी आपसात हा विषय काढला, तपासणीचा आग्रह धरला, आणि अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प किंवा मुळीच नसल्याचे आढळले. ते पुरुष एकमेकांशी बोलले म्हणून एक विष जगाला कळले. ते गप्प राहिले असते तर त्यांच्या बायका आयुष्यभर वांझ ठरल्या असत्या.

आता उपचारांविषयी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा नावाची बालिका जन्मली, तेव्हा ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. १९९२ साली ब्रसेल्समधील डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविल्याचे जाहीर केले, आणि शुक्रजंतूंची संख्या अत्यल्प असलेल्या पुरुषांच्याही आशा पालवल्या. आज जाहिराती पाहिल्या तर मूल ही पैसे भरून हमखास मिळणारी वस्तू आहे असे वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. धुतलेले वीर्य गर्भाशयात सोडण्याच्या पद्धतीने दर फेरीला दहात एक-दोन जोडप्यांनाच यश येते. परीक्षानलिकेच्या पद्धतीत पत्नी पस्तिशीच्या आतली असली तरी एका फेरीतून मूल हाती येण्याचा संभव साधारण तिनात एक असतो. चाळिशीनंतर तो दहात एकाच्या आसपास येतो. अनेक जोडप्यांच्या बाबतीत यशापयश पतीच्या आकड्यांपेक्षा पत्नीच्या वयावर अधिक अवलंबून राहते. म्हणूनच पतीने आपली तपासणी पाच वर्षे टाळली, तर ती पाच वर्षे तो पत्नीच्या आयुष्यातून खर्च करीत असतो. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली आहे.

या उपचारांबाबत ख्रिस्तसभेची भूमिका अनेकांना कठोर वाटते. परमगुरू पायस बारावे यांनी १९५६ साली वंध्यत्वविषयक जागतिक परिषदेच्या प्रतिनिधींपुढे बोलताना सांगितले की, विवाहाने पतिपत्नींना अपत्याचा हक्क प्राप्त होत नाही. अपत्याला जन्म देऊ शकणाऱ्या नैसर्गिक मीलनाचा हक्क प्राप्त होतो. १९८७ सालच्या ‘दोनुम वीते’ आणि २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजांनी तोच विचार पुढे नेला. पतिपत्नींच्या मीलनाला साहाय्य करणारा उपचार ख्रिस्तसभेला मान्य आहे. त्याची जागा घेणारा, तिसऱ्या व्यक्तीचे बीज आणणारा किंवा भ्रूणांची निवड, साठवण व नाश करणारा उपचार मान्य नाही. ज्याच्यावर हक्क सांगता येतो, ती वस्तू असते. अपत्य ही व्यक्ती आहे, आणि व्यक्तीचा फक्त स्वीकार करता येतो. ही शिकवण पाळणे कित्येक जोडप्यांना जड जाते, याची मला जाणीव आहे. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवीत नाही. आणि मूल कोणत्याही मार्गाने जन्मलेले असो, ते देवाच्याच प्रतिमेचे असते. त्याच्या स्नानसंस्काराच्या वेळी कुणी कुजबुज केली, तर पाप कुजबुजणाऱ्याचे.

परंतु या शिकवणीचा आधार घेऊन तपासणी टाळता येणार नाही. नमुना कसा घ्यावा याविषयी ख्रिस्तसभेचे म्हणणे आहे, आणि ते पाळून तपासणी होऊ शकते. वैवाहिक संबंधाच्या वेळी सूक्ष्म छिद्र ठेवलेले, औषध न लावलेले विशिष्ट आवरण वापरून नमुना घेता येतो, किंवा संबंधानंतर काही तासांनी डॉक्टर पत्नीच्या तपासणीतून अंदाज घेऊ शकतात. डॉक्टरांना आधी तसे स्पष्ट सांगावे. विचारण्याची लाज वाटत असेल तर आपल्या धर्मगुरूला विचारावे.

आता मूळ हकिकतीकडे वळतो. पुढे त्या नवऱ्याने तपासणी करून घेतली. त्याला तयार करण्यास मला आठ महिने लागले. अहवाल आला: शुक्रजंतू आढळले नाहीत. दोघेही माझ्याकडे आली. तो खाली मान घालून बसला होता. बोलली ती. "फादर, बाहेर कोनाले सांगू नका. माह्यातच खोट हाय असं लोकाईले वाटू द्या. मी सोसून घेईन. त्याईले सोसनार नाही."

मी निरुत्तर झालो. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो होतो, संत ऑगस्टीनचे असत्यावरील विवेचन वाचले होते. पण प्रेमापोटी स्वतःवर आळ घेणाऱ्या या बाईला काय सांगावे, हे मला त्या क्षणी सुचले नाही. निरपराध असून दुसऱ्याचा भार वाहणे हे ख्रिस्ताच्या मार्गाशी मिळतेजुळते नाही काय? मग तिला अडविणारा मी कोण?

पुष्कळ दिवसांच्या विचारांती मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा. तिने देऊ केलेला त्याग थोर होता, यात शंका नाही. परंतु त्याग देणाऱ्याचा धर्म वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा. पत्नीने आळ सोसण्याची तयारी दाखविणे हे प्रेम आहे. पतीने तो तिला सोसू देणे हे प्रेम नव्हे. क्रूस स्वखुशीने उचलणाऱ्याला आपण वंदन करतो, पण त्याच्या खांद्यावर आपला क्रूस ठेवून स्वतः मोकळे चालणाऱ्याला काय म्हणावे? शिवाय मौन आणि असत्य यांत फरक आहे. आपल्या खाजगी जीवनातील प्रत्येक गोष्ट गावाला सांगण्याचे बंधन कुणावरही नाही. अहवाल चावडीवर वाचावा असे देव म्हणत नाही. पण जेथे आपल्या मौनामुळे दुसऱ्यावर खोटा आळ येतो, तेथे ते मौन निर्दोष राहत नाही. विवाहापूर्वी ठाऊक असलेले वंध्यत्व कपटाने लपवून संमती मिळविली, तर धर्मविधी संहितेच्या कलम १०९८ नुसार तो विवाहच अवैध ठरू शकतो. संमती घेताना जे सत्य इतके मोलाचे, ते संसारात कसे स्वस्त होईल?

म्हणून मी त्या दोघांना एवढेच सुचविले की, कुणी विचारले तर ‘तिला’ नाही, ‘याला’ नाही, ‘आम्हांला मूल नाही’ असे म्हणा. विवाहाने ती दोघे एकदेह झाली असतील, तर दुःखाचे व्याकरणही एकच असले पाहिजे. ‘आम्हांला’ या शब्दात लपवाछपवी नाही आणि आरोपही नाही. तो शब्द उच्चारणे पत्नीला सोपे जाते. पतीने तो उच्चारावा, यातच त्याची कसोटी.

लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याची कथा आहे. एलिझाबेथला मूल नव्हते आणि लोकांत तिची मानहानी होत होती. देवदूताने आनंदाची वार्ता आणली ती पतीकडे, आणि त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून मुका झाला तोही पतीच. मुलाच्या नामकरणाच्या दिवशी नातलगांनी एलिझाबेथचे म्हणणे मानले नाही, तेव्हा जखऱ्याने पाटी मागविली आणि तिने सांगितलेलेच नाव लिहिले. तत्क्षणी त्याची वाचा मोकळी झाली. पत्नीच्या शब्दाला आपला शब्द जोडल्यावर पतीला वाणी परत मिळाली, असा मी या प्रसंगाचा अर्थ लावतो.

त्या घरातही असाच एक दिवस उजाडला. एका नातलगाच्या मुलाचा स्नानसंस्कार होता. जेवणाच्या पंगतीत सासूबाई नेहमीप्रमाणे सुनेला बोलल्या. तो वाढता वाढता थांबला आणि सर्वांच्या देखत म्हणाला, "माय, तिले काही म्हनू नको. कमी माह्यात हाय." पंगत स्तब्ध झाली. मग त्याने हातातल्या भांड्यातली आमटी पुढच्या पानावर वाढली. ‘आम्हांला’ म्हणण्याचा सल्ला मी दिला होता. तो त्याच्याही पुढे गेला.

नंतर त्यांच्या घरी पाळणा हलला की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. हलला असे सांगितले तर वाचक म्हणतील, बघा, सत्याचे फळ मिळाले. नाही हलला असे सांगितले तर म्हणतील, मग बोलून काय मिळविले? उपचारांचे यश आपण पाळण्यावर मोजतो. पण त्या दिवशी त्या पंगतीत एक विवाह वाचला. त्याची नोंद कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात होत नसते.

ज्यांना मूल होत नाही, त्यांनी दत्तक घेण्याचा विचार करावा असे सांगताना एक जुनी अडचण आता उरलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५६ चा दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नव्हता. आपल्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. २००० सालचा बालन्याय कायदा, त्यातील २००६ ची दुरुस्ती आणि नंतरचा २०१५ चा कायदा यांमुळे कोणत्याही धर्माच्या दांपत्याला मूल पूर्णार्थाने दत्तक घेता येते; २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसा निर्वाळा दिला. मात्र दत्तक हा औषधाचा पर्याय किंवा मनाचे समाधान म्हणून घेऊ नये. त्या मुलाला आईबाप हवे आहेत म्हणून घ्यावे.

पितृत्व म्हणजे काय, हा प्रश्न अखेरीस उरतोच. ज्याला स्वतःचे मूल नाही अशा माझ्यासारख्याला लोक ‘फादर’ म्हणतात, तेव्हा तो मला अधिकच जाणवतो. संत योसेफाने येशूला जन्म दिला नाही. देवदूताने त्याला बाळाचे नाव ठेवावयास सांगितले. त्याने नाव ठेवले, रातोरात मिसर देशाला नेऊन त्याचा जीव वाचविला, हाताला सुतारकाम शिकविले. आणि संदेष्टा यशया छप्पन्नाव्या अध्यायात सांगतो की, ज्यांना मूल होणे शक्य नाही अशा पुरुषांनी स्वतःला वठलेले झाड समजू नये. देव आपल्या मंदिरात त्यांना असे नाव देईल, जे पुत्र आणि कन्यांहूनही श्रेष्ठ असेल. अहवाल हाती घेऊन दाराच्या चौकटीला टेकलेल्या प्रत्येक पुरुषाने हा अध्याय एकदा वाचावा.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. मूल व्हावे म्हणून कुणी आशीर्वाद मागितला, तर मी नवऱ्याला आत बोलावतो. दोघांनी शेजारी गुडघे टेकल्याशिवाय प्रार्थनेला सुरुवात करीत नाही. मला हात दोन आहेत. सहा वर्षे मी त्यांतला एकच वापरीत होतो.